रसायनाची पुरचुंडी

भात शिजवताना काही घरांत खडा मसाला मोकळा न टाकता स्वच्छ फडक्यात बांधून सोडतात. स्वाद भातात उतरतो आणि पुरचुंडी अलगद उचलून घेता येते. लवंग-दालचिनी वेचत बसावे लागत नाही. रसायनशास्त्रज्ञांची अशीच एक युक्ती आज मला सांगायची आहे.

आधी अडचण पाहू. औषधे किंवा सुगंधी द्रव्ये बनवताना अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण ही नेहमीची पायरी. बेन्झिल अल्कोहोलपासून बेन्झाल्डिहाइड होते; कडू बदामाचा वास तो याचाच. या कामाला क्रोमियमची संयुगे पूर्वापार वापरली गेली. नारिंगी द्रावण बघता बघता हिरवे होते, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना मोठी मौज वाटते. पण हवा असलेला पदार्थ क्रोमियमच्या चिकट गाळातून सोडवावा लागतो, आणि मग ते धुवण टाकायचे कुठे? नारिंगी अवस्थेतले, म्हणजे सहा संयुजेचे, क्रोमियम कर्करोगकारक आहे. तमिळनाडूत राणीपेट येथे क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याने भूजल दूषित झाले, आणि कारखाना बंद पडला तरी कचरा तिथेच राहिला.

अमेरिकेतील ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांना एक टोक बांधून पेप्टाइडची साखळी वाढवून दाखवली. या पद्धतीसाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी तयार होणारा पदार्थ मण्याला बांधला होता. मग अभिकारकच मण्याला बांधला तर? १९७६ मध्ये इटलीतील काइनेल्ली व सहकाऱ्यांनी धनभारित रेझिनच्या मण्यांवर ऋणभारित क्रोमियमचे आयन बसवले. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातल्या रेझिनचेच हे भावंड. अल्कोहोलच्या द्रावणात मणी घालून ढवळायचे, काम झाले की गाळायचे. क्रोमियम मण्यांबरोबर गाळणीवर राहते. खाली येणाऱ्या द्रावणातला विद्रावक उडवला की पदार्थ हाती.

यात जादू नाही. रेणूंना मण्याच्या आत शिरावे लागते, म्हणून क्रिया बहुधा सावकाश होते. मणी महाग पडतात, जोरात ढवळले तर फुटतात. रेझिन धुऊन पुन्हा वापरता येते, पण त्या धुवणात क्रोमियम असतेच. ते नाहीसे होत नाही, फक्त आपल्या ताब्यात राहते.

म्हणून पुढचे पाऊल महत्त्वाचे. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने १९९७ च्या सुमारास मण्यांवर पररुथेनेट बसवले. तिथे क्रोमियम नाहीच. ऑक्सिडीकरणाचा खर्च ऑक्सिजन वायू भागवतो, मणी मध्यस्थ म्हणून थोडेच लागतात आणि उपपदार्थ म्हणून पाणी मिळते.

कचरा झाल्यावर त्याची विल्हेवाट शोधण्यापेक्षा तो होऊच न देणे स्वस्त पडते. भूजलात उतरलेले क्रोमियम गाळणीवर धरता येत नाही.