झटका मशीनचा गाभा

उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्यालगतच्या शिवारात रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक आडवं करतात, म्हणून धुऱ्यावर सौर झटका मशीन आलं. त्याची कीर्ती किलोव्होल्टवर मोजली जाते. पण झटक्यात किती जीव असेल, हे तारेला तो पाठवणाऱ्या पल्स ट्रान्सफॉर्मरचा गाभा ठरवतो, आणि त्या जागी फेराइट ही बहुधा चुकीची निवड आहे.

मशीनमधला कपॅसिटर काहीशे व्होल्टला भारतो आणि सेकंदाला एकदा या ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा होतो. गाभ्याची झेप व्होल्ट गुणिले वेळ या मापाने ठरते. हिशेबापुरते 400 व्होल्ट 100 मायक्रोसेकंद टिकले असं धरू, म्हणजे 0.04 व्होल्ट-सेकंद. गाभ्याचा छेद 4 चौरस सेंटिमीटर आणि वेढे 100 असतील, तर चुंबकीय घनता 1 टेस्लापर्यंत चढते. सिलिकॉन पोलाद दीड टेस्लापर्यंत साथ देतं. मँगनीज-झिंक फेराइट मात्र अर्ध्या टेस्लाच्या आसपासच संपृक्त होतं आणि तापलं की आणखी लवकर. विदर्भातल्या उन्हात बंद पेटीत ठेवलेल्या मशीनसाठी ही बाब किरकोळ नाही. संपृक्त गाभा असून नसल्यासारखा. प्रवाह एकदम उसळतो, त्याला अडवायला तांब्याच्या तारेचा रोध तेवढा उरतो, कपॅसिटर रिकामा करणाऱ्या थायरिस्टर या स्विचवर ताण येतो आणि तारेकडे जाणारा झटका मध्येच खचतो. ऑसिलोस्कोपवर प्रवाहाची चढती रेघ ऐनवेळी झपकन वर वळते, ती हीच.

कुणी म्हणेल, वेढे वाढवा. वाढवता येतात, पण मग दुसऱ्या गुंडाळीतही त्याच पटीने वाढवावे लागतात; तांबं, इन्सुलेशन आणि गळती सगळंच वाढतं. गाभ्यात फट ठेवली तर प्रत्येक झटक्यानंतर मागे उरणारं चुंबकत्व कमी होतं, हे खरं. कमाल मर्यादा मात्र तीच राहते. पोलादात भोवरी प्रवाहांमुळे ऊर्जा वाया जाते, हा आक्षेप सर्वांत वजनदार. पण झटका सेकंदाला एकच असल्याने पातळ पट्ट्यांच्या गाभ्यात ते नुकसान सोसण्याजोगं असतं. बॅटरीच्या 12 व्होल्टवरून कपॅसिटर भारणाऱ्या भागात सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग होतं, तिथे पोलाद तापून जाईल. ती जागा फेराइटचीच.

आंतरराष्ट्रीय मानकात 500 ओहमच्या भाराला मिळणारी ऊर्जा एका झटक्यात 5 जूलपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा आहे. मशीन घेताना किलोव्होल्टऐवजी याच भारावर किती जूल मिळतात, ते विचारा. आणि घरचे 230 व्होल्ट कुंपणात कधीही सोडू नका. त्या प्रवाहाला उसंत नसते, त्यामुळे चिकटलेल्या माणसाला सुटता येत नाही.