फाइलीतला न मांडलेला हिशेब

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची १० हजार घरे आहेत. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या या बायकांत अंगाने किरकोळ अशा कितीतरी. ‘यकृतात चरबी’ म्हटले की त्या कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. मीही त्याच बांध्याचा, वजन ५८ किलो, दहा वर्षांचा मधुमेही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपली चरबी अशी आत दडून बसते. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, आणि तिचा ओघ यकृताकडे वळतो.

सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ निघाले की ‘ते सगळ्यांनाच असते’ म्हणून कागद मिटला जातो. पण तो ग्रेड चरबीचा. धोका ठरतो तो सुजेनंतर यकृतात तयार होणाऱ्या कठीण तंतूंवरून, आणि ते सोनोग्राफीत लवकर कळत नाहीत. त्यासाठी ‘फिब-४’ नावाचे साधे गणित आहे : वयाला एसजीओटीने गुणायचे, प्लेटलेट्सच्या हजारांना एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणून त्याने भागायचे.

माझे वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. रिपोर्टवर एकाही आकड्याखाली रेघ नाही. २२०४ भागिले ९६० : २.३. उत्तर १.३ च्या आत असेल तर बहुतेक चिंता नाही (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), २.६७ च्या वर गेले तर यकृततज्ज्ञ गाठावा. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करावा. माझ्या यकृताचा कठीणपणा ७.१ किलोपास्कल भरला, ८ च्या आत. वर्षाने पुन्हा मोजायचा.

उपचारात दारू बंद, चालणे आणि वजन. स्थूल माणसाचे ७ ते १० टक्के वजन उतरले तर सूज ओसरू शकते. सडपातळांना ३ ते ५ टक्केही उपयोगी पडतात. पायोग्लिटाझोन, सेमाग्लुटाइड ही मधुमेहाची औषधे काहींच्या यकृतालाही मानवतात, पण ती डॉक्टरांनी ठरवायची.

भारताने २०२१ मध्येच हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. सध्या वसाहतीतल्या एका विडी कामगार बाईंची फाइल माझ्या टेबलावर आहे. साखरेचे अकरा रिपोर्ट आहेत, प्लेटलेट्सचा एकही नाही.