संस्थेचें दप्तर संगणकावर : जपणूक आणि लहान पावलांची सुधारणा

शेतकऱ्यांच्या मासिकांत संगणकाचा विषय कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा विषय आतां आपल्या बांधापर्यंत येऊन पोंचला आहे. सात-बाराचा उतारा संगणकावरून निघतो. दुधाचें माप व फॅट संकलन केंद्रावरील यंत्रांत नोंदलें जातें. प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांचें दप्तर संगणकावर आणण्याचा निर्णय केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें घेतला. त्यांत प्रथम ६३,००० संस्था व २,५१६ कोटी रुपये खर्च धरला होता. त्या योजनेंतील हिशेब त्या योजनेच्या व्यवस्थेंत राहतील. परंतु बियाण्याच्या उधारीच्या नोंदी, अवजारांच्या पाळ्या, पावसाचीं मापें, सभासदांचे अर्ज हें सर्व पुष्कळ ठिकाणीं संस्थेच्याच कचेरींतील एका यंत्रावर असतें. तें सुरक्षित कसें राखावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आमच्या माहितींतील एका संस्थेंत ऐन पेरणीच्या दिवसांत संगणकाची डिस्क बंद पडली. नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती. परंतु ती मागील दिवाळींत घेतलेली. मृगापूर्वीं कोणत्या सभासदास किती पिशव्या उधारीवर दिल्या, हें सांगण्यास यंत्र असमर्थ झालें. पावत्यांचीं स्थळपुस्तकें शिल्लक होतीं म्हणून हिशेब जुळला. पण त्यांत तीन आठवडे गेले. दोघां सभासदांच्या मनांत चिटणिसांविषयीं जो संशय शिरला, तो हिशेब जुळल्यावरहि गेला नाहीं. पैसा भरून निघतो, विश्वास सहजासहजीं भरून निघत नाहीं. म्हणून ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये.

बिघाडाचे दोन प्रकार

सर्व्हर म्हणजे कांहीं अद्भुत यंत्र नव्हे. जो संगणक रात्रंदिवस चालू राहून इतर संगणकांस नोंदी पुरवितो व त्यांच्या नोंदी सांभाळतो, तो सर्व्हर. त्याच्या पोटांत ज्या डिस्का असतात, ती त्याची कोठी. या कोठीचें नुकसान दोन प्रकारांनीं होतें. पहिला प्रकार उघड : डिस्क बंद पडते आणि सर्वांस कळतें. दुसरा प्रकार मूक : डिस्क चालू असते, पण तिच्यावरील एखादा तुकडा बिघडतो व यंत्र चुकीचा मजकूर खरा म्हणून वाचून दाखवितें. कणगी वरून भरलेली दिसावी आणि आंत सोंड्यानें दाणा पोखरलेला असावा, तसाच हा प्रकार.

हा मूक बिघाड काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत सुमारें १५ लक्ष ३० हजार डिस्कांचें ४१ महिने निरीक्षण करून त्याचा अहवाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत लिहिलेला मजकूर व वाचलेला मजकूर यांचा ताळा न जमल्याचीं चार लाखांहून अधिक उदाहरणें आढळलीं. संस्थेच्या एकट्या डिस्केवर असें घडण्याचा संभव थोडा. परंतु घडलें तर कळण्याचें साधन साध्या व्यवस्थेंत नसतें, हा खरा दोष होय.

झेडएफएसची रचना

या दोषावर उपाय म्हणून झेडएफएस नांवाची साठवणव्यवस्था निर्माण झाली. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनीं २००१ सालीं तिचें काम आरंभिलें, आणि २००५ सालीं तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला करण्यांत आला. मूळ मजकूर खुला असणें म्हणजे ओपन सोर्स. तो कोणीहि वाचावा, तपासावा, सुधारावा व ठरलेल्या अटींवर दुसऱ्यास द्यावा. पुढें २०१० सालीं ओरॅकल कंपनीनें सन विकत घेतली व नवा मजकूर खुला करणें थांबविलें. तथापि जो एकदां लोकांच्या हातीं गेला होता तो परत घेतां येण्यासारखा नव्हता. ठिकठिकाणच्या जाणत्यांनीं तेंच काम पुढें चालविलें व २०१३ सालीं ओपनझेडएफएस या नांवाखालीं एकत्र आणलें. लिनक्स व फ्रीबीएसडी या दोन्ही खुल्या प्रणालींवर तें आज चालतें. घरचें बियाणें राखणाऱ्यास दुकान बंद झाल्याची धास्ती नसते. ओपन सोर्सचा मुख्य लाभ हाच आहे.

या व्यवस्थेचीं तीन अंगें समजून घेण्यासारखीं आहेत.

पहिलें अंग ताळ्याचें. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावरून गणित करून एक ताळ्याचा अंक काढला जातो. त्यास चेकसम म्हणतात. हा अंक त्या तुकड्याशेजारीं न ठेवतां त्याच्या वरच्या नोंदींत ठेवलेला असतो. पोत्याचें वजन पोत्यावरच लिहिलें तर पोतें बदलणारा चिठ्ठीहि बदलील. वजन वखारीच्या वहींत असलें म्हणजे लबाडी उघडकीस येते. तुकडा वाचतांना अंक जुळला नाहीं, तर झेडएफएस दुसऱ्या डिस्केवरील चांगली प्रत वाचून देतें व बिघडलेला तुकडा दुरुस्त करतें. अर्थात् दुसरी प्रत असेल तरच; एकाच डिस्केवर भागविणाऱ्यास बिघाड कळेल, पण दुरुस्ती बहुधा होणार नाहीं.

दुसरें अंग लिहिण्याच्या रीतीचें. ही व्यवस्था जुना मजकूर खोडून त्याच्याच जागीं नवा लिहीत नाहीं. नवा मजकूर मोकळ्या जागीं पूर्ण लिहून झाल्यावरच खूण जुन्यावरून नव्याकडे फिरवते. त्यामुळें मध्येंच वीज गेली तर शेवटच्या कांहीं क्षणांचें लिखाण जाईल, पण साठवण अर्धवट अवस्थेंत सांपडत नाहीं. खेड्यांतील विजेचा लहरीपणा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या गुणाची किंमत सांगावयास नको.

तिसरें अंग दुसऱ्यांतूनच निघतें. जुना मजकूर जागच्या जागीं राहत असल्यामुळें अमुक क्षणींची सर्व स्थिती गोठवून ठेवणें अगदीं स्वस्त पडतें; यास स्नॅपशॉट म्हणतात. सकाळीं कारकुनानें चुकून शंभर नोंदी पुसल्या, तर रात्रीच्या स्नॅपशॉटमधून त्या परत काढतां येतात.

कोठी बळकट असली तरी

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. दोन डिस्का म्हणजे दोन प्रती, तेव्हां आतां चिंता नाहीं, असें समजणें ही मोठी चूक होय. कचेरीस आग लागली, पुराचें पाणी शिरलें, चोरी झाली किंवा जाणत्याच माणसाच्या हातून सर्व पुसलें गेलें, तर दोन्ही डिस्का एकदमच जातात.

गिटलॅब या कंपनीचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथील एका कर्मचाऱ्यानें दुरुस्ती करतांना चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. क्षणार्धांत सुमारें ३०० गिगाबाइट मजकूर नाहींसा झाला. बॅकअपच्या अनेक योजना कागदावर होत्या; परंतु प्रसंगीं पाहूं जातां त्यांतील मुख्य योजना कित्येक दिवस बंदच पडलेली होती, आणि ती बंद असल्याचीं इशारापत्रें कोणास पोंचत नव्हतीं. सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत सुदैवानें सांपडली, म्हणून सहा तासांच्याच नोंदी गेल्या. कंपनीनें ही हकीकत न लपवितां जगापुढें मांडली, याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. यावरून ध्यानांत ठेवावें कीं, जी प्रत परत काढून पाहिली नाहीं, ती प्रत आहे असें धरूंच नये. बियाण्याची उगवण तपासल्याविना कोणता शहाणा शेतकरी पेरणीस निघेल?

एका वेळीं एक वाफा

साठवण कितीहि चांगली असली तरी तिच्यावर चालणारें सॉफ्टवेअर बदलत राहतें, आणि पुष्कळसे अपघात बदलाच्या वेळींच होतात. पूर्वीं रीत अशी होती कीं, सर्व मागण्या एकदम लिहून द्यावयाच्या, दोन वर्षें वाट पहावयाची आणि एका मुहूर्तावर सर्व कारभार नव्या सॉफ्टवेअरवर न्यावयाचा. मग चूक निघाली म्हणजे ती कोठें आहे हेंच समजत नसे. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेच्या यूटा प्रांतांत सतरा जाणत्यांनीं एकत्र बसून या रीतीविरुद्ध एक छोटें निवेदन लिहिलें. कांहीं आठवड्यांनीं, फार तर कांहीं महिन्यांनीं, चालतें असें थोडें थोडें काम वापरणाऱ्याच्या हातीं द्यावें, हें त्यांच्या तत्त्वांपैकीं एक होतें. आपणांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. नवें वाण आपण प्रथम एका वाफ्यांत लावून पाहतों. सबंध शेत त्याच्या हवालीं करीत नाहीं.

उधारीचें सॉफ्टवेअर करून घ्यावयाचें झाल्यास प्रथम फक्त उधारीची नोंद व पावती एवढेंच मागावें. पंधरा दिवस तें वहीबरोबर चालवून रोज संध्याकाळीं बेरीज ताडून पहावी. ती जुळल्यावर वसुलीची नोंद जोडावी. व्याजाची आकारणी आणि वार्षिक पत्रकें त्यामागून. प्रत्येक पावलास चूक लहान राहते व मागें फिरणें सोपें होतें.

लहान पावलांचा आणखी एक लाभ आहे. लिनस टॉरवॉल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं गिट हें साधन केलें. त्यांत प्रत्येक लहान बदल, तो करणारा आणि तारीख यांसह जपला जातो. एक हजार बदलांनंतर दोष दिसला, तर मधल्या ठिकाणची स्थिती तपासावी. तेथें दोष नसेल तर पुढील अर्ध्यांत शोधावें, असेल तर मागील अर्ध्यांत. अशा सुमारें दहा तपासण्यांत दोषी बदल नेमका सांपडतो. पाटाचें पाणी कोठें फुटतें हें शोधतांना आपणहि आधीं मध्यावर जाऊन पाणी पाहतों. परंतु बदल लहान व नोंदलेले असतील तरच ही युक्ति चालते.

दोन्ही गोष्टींचें महत्त्व एका अलीकडील घटनेवरून दिसतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें ओपनझेडएफएसची २.२.० ही आवृत्ति निघाली. तिच्यांत नक्कल झटपट करण्याची एक नवी सोय होती. नोव्हेंबरांत कांहींजणांस नक्कल केलेल्या फायलींत मजकुराच्या जागीं शून्यें आढळलीं. संशय नव्या सोयीवर गेला व ती पुढच्या आवृत्तींत बंद करण्यांत आली. तरी दोष दिसतच राहिला. कसून शोधल्यावर निघालें कीं, मूळ चूक कित्येक वर्षांची जुनी होती, नव्या परिस्थितीनें ती फक्त उजेडांत आणली. ताळ्याचा अंक येथें उपयोगी पडला नाहीं. कारण पोतेंच चुकीचें भरलें होतें, वजन मात्र बरोबर नोंदलें होतें. मजकूर खुला असल्यानें अनेकांनीं मिळून शोध घेतला, आणि ३० नोव्हेंबर रोजीं दुरुस्त आवृत्ति बाहेर पडली. सर्वोत्तम साधनांतहि दोष असूं शकतो. तो लवकर सांपडावा आणि सांपडेपर्यंत नुकसान होऊं नये, एवढीच तजवीज आपल्या हातीं असते.

संस्थांच्या पंचमंडळांस सूचना

(१) सर्व्हरमध्यें सारख्या दोन डिस्का घालून दोहोंवर एकच मजकूर राहील असें करावें. यूपीएस जोडावें.

(२) महिन्यांतून एकदां सर्व मजकूर वाचून ताळा पाहण्याची क्रिया चालवावी. तीस स्क्रब म्हणतात. तिचा निकाल वहींत लिहावा.

(३) रोज रात्रीं स्नॅपशॉट घ्यावा व त्याची प्रत दुसऱ्या इमारतींत, शक्य तर दुसऱ्या गांवीं ठेवावी.

(४) तीन महिन्यांतून एकदां त्या दूरच्या प्रतीवरून एखाद्या सभासदाचें खातें परत काढून स्थळपुस्तकाशीं ताडावें. हें काम पंचांसमक्ष व्हावें.

(५) एका वेळीं एकच बदल करावा, त्यापूर्वीं स्नॅपशॉट घ्यावा, आणि बदल कोणी व कधीं केला हें लिहून ठेवावें. नवी आवृत्ति निघतांच घाईनें घेऊं नये. मात्र दोषनिवारक आवृत्तीस विलंबहि लावूं नये. पेरणीच्या व वसुलीच्या दिवसांत अनावश्यक बदल मुळींच करूं नये.

(६) यंत्राची सर्व माहिती निदान दोन जबाबदार माणसांस असावी. एकटा जाणता माणूस गांव सोडून गेला, तर चांगल्या डिस्काहि निरुपयोगी होतात.

यांपैकीं कोणत्याहि गोष्टीस फार मोठा खर्च नाहीं. नेम मात्र पाहिजे. कोठींत धान्य भरून जो निश्चिंत निजतो त्याचें धान्य किडतें, आणि जो वेळच्या वेळीं झाकण उघडून पाहतो त्याचें टिकतें. संस्थेच्या दप्तरास हाच न्याय लागू आहे. येत्या पंचसभेंत चौथ्या सूचनेचा प्रयोग एकदां तरी करून पहावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे. आपली प्रत खरी आहे कीं नांवाची, हें त्या एका तासांत कळून येईल.