‘सी’ भाषेतील रॅपर फंक्शन : तीन टिंबांचा करार

संगणकशास्त्राकडे वळलेले आमचे विद्यार्थी ‘सी’ भाषेत प्रथम ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन शिकतात. त्यास एक आर्ग्युमेंट दिले तरी चालते, पाच दिली तरी चालतात. हे कसे घडते, हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात. इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्ही उत्तराचा आरंभ कालक्रमापासून करतो.

डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडविली. बदलत्या संख्येची आर्ग्युमेंट घेणारी फंक्शने लिहिण्याची रीत पूर्वी सर्व यंत्रांवर एकसारखी नव्हती. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने ‘एसटीडीआर्ग’ ही हेडर फाइल देऊन तिला एकरूपता आणली.

समजा, वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम आपण लिहीत आहोत आणि प्रत्येक संदेशापूर्वी ‘सूचना’ हा शब्द उमटावा अशी इच्छा आहे. त्यासाठी ‘नोंद’ नावाचे फंक्शन रचावे. त्याचे पहिले पॅरामीटर म्हणजे संदेशाचा साचा, आणि पुढे तीन टिंबे. हीच टिंबे जशीच्या तशी ‘प्रिंटएफ’कडे सोपवावीत असे वाटते, पण त्यांना नाव नसल्यामुळे ‘सी’ तशी मुभा देत नाही.

योग्य मार्ग चार पायऱ्यांचा आहे. ‘व्हीए_लिस्ट’ प्रकारचे चल घोषित करावे. ‘व्हीए_स्टार्ट’ला ते चल व शेवटचे नाव असलेले पॅरामीटर, म्हणजे येथे साचा, द्यावे. मग ‘प्रिंटएफ’ नव्हे, तर यादी स्वीकारणारे त्याचे भावंड ‘व्हीप्रिंटएफ’ बोलवावे. शेवटी त्याच फंक्शनमध्ये ‘व्हीए_एंड’ लिहावे. हाच संदेश पडद्यावर आणि फाइलमध्ये, असा दोनदा हवा असल्यास वापरलेली यादी पुन्हा वापरू नये. पहिल्या वापरापूर्वीच ‘व्हीए_कॉपी’ने तिची प्रत घ्यावी आणि प्रतीलाही ‘व्हीए_एंड’ द्यावे. ही सोय १९९९ च्या प्रमाणकात आली.

खरा धोका याहून खोल आहे. किती आर्ग्युमेंट आली व ती कोणत्या प्रकारची, हे बोलावलेल्या फंक्शनला ठाऊक नसते. ते केवळ साच्यावर विश्वास ठेवते. साच्यात तीन अंकांची जागा असून दोनच अंक दिले, तर पुढे काय घडेल याची हमी भाषा देत नाही. परक्याने टंकलेला मजकूर साचा म्हणून दिला, तर त्यातील टक्केचिन्हांद्वारे तो स्मृतीतील माहिती वाचू शकतो, प्रसंगी बदलूही शकतो. म्हणून साचा सदैव आपला असावा आणि परका मजकूर आर्ग्युमेंट म्हणूनच जावा.

जीसीसी कंपायलरमध्ये ‘नोंद’ला ‘फॉरमॅट’ अॅट्रिब्यूट जोडून इशारे चालू ठेवले, तर साचा व आर्ग्युमेंट यांतील विसंगती कंपाइल करतानाच उघड होते. ही एक ओळ लिहिण्याची सवय आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच प्रोग्रामपासून लावून घ्यावी.