जिचं खातं, तिचाच पासवर्ड

नवेगावबांध, नागझिरा, आपल्याकडचे सारस पक्षी यांविषयी मराठी विकिपीडियावर आपणही लिहू शकतो. २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशात खातं फुकट निघतं. गटागटांत पहिला प्रश्न येतो तो हा, की सगळ्यांचं मिळून एकच खातं काढलं तर? नाही चालत. एका खात्यावर एकाच व्यक्तीनं लिहायचं, हा तिथला नियमच आहे. प्रत्येक बदलापुढे खात्याचं नाव नोंदलं जातं. चौघी एकच पासवर्ड वापरू लागल्या, तर चूक कोणी घातली हे कळणार कसं? पासबुकावर आपण दुसरीची सही चालवून घेतो का?

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. त्यात मुलाचं नाव, मोबाईल नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा.

ईमेलचा रकाना सक्तीचा नाही, म्हणून बऱ्याच जणी तो रिकामा सोडतात. आम्ही मात्र तो भरायलाच लावतो. कारण विकिपीडिया पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्याचं असं रूप करून ठेवतं, की त्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही. तुम्ही विसरलात, तर तिथलंही कोणी तो सांगू शकत नाही. ईमेल दिला असेल तर त्यावर तात्पुरता पासवर्ड येतो. नसेल तर नवं खातं काढा, आणि जुनं लिखाण जुन्याच नावावर राहतं.

दुसरीच्या फोनवरून लिहिलंत, तर उठण्याआधी लॉग आउट करा.