जानेवारीत बर्फाचं पाणी

दिल्लीच्या मयूर विहार फेज वनमध्ये जानेवारीत नळाखाली हात धरवत नाही. अशाच एका रात्री आमच्या सोसायटीतले एक काका जिन्यात, शाल पांघरून, फ्रिजमधली बाटली घेऊन बसलेले दिसले. घोट घ्यायचा, डाव्या गालात धरायचा, कोमट झाला की गिळून नवा घ्यायचा. "चहा घेतला की कळ मस्तकात जाते आणि हे गार पाणी धरलं की थांबते. सगळं उलटंच झालंय बघा!"

उलटं काहीच नव्हतं. एवढ्या वर्णनावरून दंतवैद्याचा अंदाज बांधून झाला असता.

दाताचं वरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटीन आणि त्याच्या पोटात मऊ गर. आपण सरसकट ज्याला 'नस' म्हणतो तो हाच. त्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. बोटाला सूज आली तर बोट फुगतं. या गराला फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी टणक भिंत. कीड आत पोचून सूज आली की दाब वाढतो. गरम चहाने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब आणखी चढतो. गारव्याने त्या आकसतात. रात्री आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त जातं, म्हणून ठणका रात्रीच लागतो.

आइस्क्रीमची सणक दोन-चार सेकंदांत ओसरत असेल तर गर नुसता कुरकुरतो आहे. कीड साफ करून दात भरला की बहुधा भागतं. पण कळ मिनिटन्‌मिनिटं रेंगाळत असेल, काही न खातापिता उठत असेल, झोपेतून जागं करत असेल, तर गर सावरण्यापलीकडे गेला असं धरायचं. तिथे रूट कॅनाल लागतं.

सगळ्यात फसवी पुढची पायरी. चौथ्या दिवशी काकांचा ठणका आपोआप थांबला आणि ते मजेत गजक, म्हणजे तिळाची कडक चिक्की, खाऊ लागले. लवंगेच्या तेलाचा गुण, असं त्यांचं मत. खरं तर गर मेला होता. मेलेला गर दुखत नाही, पण जंतूंना आयतं घर मिळतं; ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, पू धरतो, एक दिवस गाल सुजतो. अँटिबायोटिकने सूज उतरेलही, पण गोळी जाते रक्तातून, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही. जंतू आत तसेच राहतात.

दोष जंतूंचाच, हे 1965 साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. दोन गटांच्या दाढांतला गर त्यांनी उघडा पाडला. साध्या उंदरांचा गर सडून मेला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्यांच्या दातात अन्न जाऊन बसलं, तरी गर जगला आणि त्यावर डेंटीनचा नवा थर धरला.

म्हणून 'नस काढणं' हे रूट कॅनालचं अर्धंच वर्णन. दाढ बधिर करायची, वरून छिद्र पाडायचं, केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतल्या नळ्या घासायच्या आणि सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे घरातल्या ब्लीचमधल्याच रसायनाने, पुन्हा पुन्हा धुवायच्या. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात; वरच्या पहिल्या दाढेत चौथी पुष्कळदा दडून बसते, आणि ती राहिली तर दुखणं परततं. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाताभोवती रबराचा पडदा ताणतात. तो दिसला नाही तर खुशाल विचारावं. मूळच उभं चिरलं असेल तर मात्र दात काढणंच बरं.

साफ झालेल्या नळ्यांत गुट्टा-पर्चा भरतात. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. 1870 साली मुंबई एडनशी जोडणारी तार समुद्रतळाशी टाकली, तेव्हा त्या तारेवरही याचंच वेष्टण होतं. खारं पाणी आत शिरू न देणारा पदार्थ दाताला न चालला तरच नवल.

गाल सुजल्यावर काका निमूटपणे दंतवैद्याकडे गेले. परवा लिफ्टमध्ये त्यांनी मोबाइलवर एक्स-रे दाखवला: काळसर दाढेत तीन पांढरे दोरे. पोकळ झालेली दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर कॅप बसायची आहे. तोवर गजक बंद, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं.