जपानची नगरे : एका श्रावकाच्या नजरेतून

टोकियोत पाऊल ठेवताच गर्दीपेक्षा तिथली शांतता अधिक जाणवते. शिंजुकू हे जगातील सर्वाधिक वर्दळीचे रेल्वे स्थानक. तेथे लाखो माणसे रोज ये-जा करतात. पण फलाटावर आखलेल्या रेषांमागे रांगा लागतात, उतरणाऱ्यांना आधी वाट मिळते आणि डब्यात भ्रमणध्वनीवर कोणी बोलत नाही. रस्त्यावर कचरापेटी क्वचितच दिसते आणि कचराही दिसत नाही. आपला कचरा लोक आपल्या पिशवीतून घरी नेतात. सापडलेले पाकीट चौकातील ‘कोबान’ या छोट्या पोलीस चौकीत जमा करण्याची तेथे रीतच आहे. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे, आणि त्याचा त्याग हे आपले तिसरे अणुव्रत. ते येथे नागरिकांच्या अंगवळणी पडलेले पाहून आनंद वाटतो.

दुकानात पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे. विक्रेता ते मोजून दाखवतो आणि नम्रपणे वाकून आभार मानतो. बक्षिसी कोणी घेत नाही. बिवा सरोवराच्या परिसरातील ओमी प्रांताचे व्यापारी पूर्वी गावोगाव फिरून माल विकत. विक्रेता, ग्राहक आणि समाज या तिघांचेही भले साधावे, हा त्यांचा विचार आज ‘सानपो-योशी’ या नावाने ओळखला जातो. न्यायाने मिळवलेले वैभव हा मार्गानुसारी गृहस्थाचा पहिला गुण मानणाऱ्या आपल्या पेढ्यांना हा विचार परका वाटणार नाही.

खरी कसोटी लागते ती आहाराची. तांदूळ, सोयाबीन, भाज्या यांची रेलचेल असूनही बहुतेक रस्सा आणि सूप ‘दाशी’वर बेतलेले असते, आणि दाशीत बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून केवळ “शाकाहारी आहे का?” असे विचारून भागत नाही, दाशीविषयी वेगळे विचारावे लागते. इ. स. 675 मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली होती. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हा आहार आजही निरामिष असतो. त्यात कांदा-लसूणही नसतो. मात्र मुळा, कमळकंद चालत असल्याने कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी तेथेही विचारूनच ताट घ्यावे. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौविहार पाळणाऱ्याने दिवसाचा क्रम त्यानुसार आखावा आणि खाकरा, मूगडाळ बरोबर ठेवावी.

कोबे शहराच्या कितानो भागात शुभ्र संगमरवरी जिनालय आहे. 1985 साली उभारलेले हे महावीरस्वामींचे मंदिर तेथील जैन कुटुंबांचे श्रद्धास्थान आहे. परक्या भूमीवर प्रभुदर्शन घडते तेव्हा मन भरून येते. या कुटुंबांपैकी अनेकांचा व्यवसाय मोत्यांचा. कोबे हे जपानी मोत्यांचे मोठे व्यापारकेंद्र.

आणि येथेच मन थबकते. 1893 साली मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती घडवण्यात यश मिळवले. आज अकोया शिंपल्यात एक मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल आवरणाचा तुकडा बसवतात. मोती काढताना तो शिंपला मरतो. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे त्रस जीवांच्या अवयवांचा व्यापार, श्रावकास निषिद्ध सांगितला आहे. ताटातील दाशीबद्दल आपण इतक्या काटेकोरपणे विचारतो. मग तिजोरीतील मोत्याबद्दल का विचारू नये?

हा प्रश्न केवळ कोबेच्या व्यापाऱ्यांचा नाही. तो मोत्याची माळ विकणाऱ्या आपल्या प्रत्येक पेढीचा आहे आणि लग्नात ती घेणाऱ्या प्रत्येक घराचाही आहे. कोणावर दोष न ठेवता तो घराघरांत, विशेषतः धंद्यात उतरणाऱ्या मुलांसमोर, मोकळेपणाने मांडला जावा. ओमीच्या व्यापाऱ्यांनी तिघांचे हित पाहिले. श्रावकाच्या हिशेबात चौथा धरावा लागतो, तो म्हणजे मुका जीव.